वारा असेल म्हणणारी माणसं

हेडाऊंच्या छातीत काय बसलं आहे ते डॉक्टरांना कळलं, त्याच्या सहा वर्षं आधी हेडाऊंनी ते लिहून दिलं होतं. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, कंपनीच्या रजिस्टरमध्ये. त्या पानाखाली माझी सही आहे आणि स्टोअरचा गोल शिक्का आहे. मी ते पान वाचलं होतं. मला ते आवडलंही होतं. मला वाटलं, भुताची गोष्ट आहे.

येत्या सोमवारी त्यांच्या नुकसानभरपाईच्या अर्जाची सुनावणी आहे. रोग गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं झाला की आणखी कशानं, ते तिथं ठरणार. कंपनीचं म्हणणं असं की हेडाऊंनी नोकरीत असताना अशी एकही लेखी तक्रार केलेली नाही. तेव्हा ते पान म्हणजे काय, हे मला सांगावं लागेल. आणि ते सांगायचं तर आधी माणूस सांगावा लागतो, नाहीतर माझी चूक कुणाला कळणार नाही.

वसंता हेडाऊ नागपूरजवळ बुटीबोरीतल्या आमच्या सूतगिरणीत ब्लो रूमला फिटर होते. ब्लो रूम म्हणजे गिरणीचं तोंड. कापसाच्या गाठी तिथं फोडतात, यंत्रं तो कापूस पिंजतात, माती, काडी, सरकीची टरफलं उडतात आणि कापूस स्वच्छ होऊन पुढं जातो. माणसं स्वच्छ होऊन पुढं जात नाहीत. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. हेडाऊ उंच आणि काटकुळे, त्यामुळे पांढऱ्या भुवयांचे ते एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून उतरून आल्यासारखे दिसत. हे त्यांना सांगितलं तर खूष होत.

मी त्याच गिरणीत एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळते. गाठींचं गोदाम, सुटे भाग, रजिस्टरं आणि गूळ. सूतगिरणीत गूळ वाटायची जुनी पद्धत आहे. घशातली धूळ गुळानं खाली जाते म्हणतात. पाळी सुटताना माणशी एक खडा, माझ्या हातून. मीही एक तोंडात टाकते. गुरुवारी लोक दोन मागत. आमची साप्ताहिक सुट्टी बुधवारी, तेव्हा मी समजत असे की सुट्टीत गोडाची चटक लागते. मी एकच देत असे.

हेडाऊ आणि मी पहिल्या पाळीच्या बसमध्ये शेजारी बसायचो. ते गोळीबार चौकातून आधीच चढलेले असत आणि खिडकीपाशी पुस्तक उघडून बसलेले असत. पहिल्या दिवशी पुस्तकावर विहिरीतून वर येणारा हात होता.

मी म्हटलं, "हेडाऊभाऊ, हे वाचायचं वय आहे का तुमचं?"

त्यांनी पानावरून नजर काढली नाही. "पोरं हे वाचतात तर त्याह्यले मजा येते मॅडम. भेव वाटायले वय लागते."

मी त्यांना सांगितलं, की माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव आणि भूत एकाच दिवशी घराबाहेर काढले, आमच्याकडे हा माल चालत नाही.

"मी कुठं मानून राहिलो?" ते म्हणाले. "मानणाऱ्याले भुताची गोष्ट समजतच नाही. तो हात जोडते न मोकळा होते. आपल्याले हात जोडता येत नाही, म्हणून पूर्ण वाचा लागते."

त्यांची पुस्तकं इतवारीतल्या रद्दीच्या दुकानातून येत. मराठी, हिंदी, जे मिळेल ते. रहस्यकथा त्यांना चालत नसत. "त्यात शेवटी सगळं समजते," ही त्यांची तक्रार. भयकादंबरीतही शेवटच्या प्रकरणात मांत्रिक येऊन सगळं निस्तरून गेला, की ते पुस्तक परत त्याच रद्दीवाल्याला नेऊन देत. घरात ठेवत नसत. भुताबद्दलचा त्यांचा पहिला नियम होता, की त्यानं बोलता कामा नये. "बोललं की ते भूत नाही राहत. पाहुणा होते. मंग त्याले चहा विचारा."

पण त्यांची खरी आवड भुतात नव्हतीच. ती त्याच्या आधीच्या पानांत होती. प्रत्येक भयकादंबरीत एक जागा येते, ते म्हणत, जिथं पहिल्यांदा काहीतरी वाजतं, दार हलतं, कुत्रं जेवत नाही, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "वारा असेल." त्या पानाचा कोपरा हेडाऊ दुमडत. त्यांच्याकडून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला एकच दुमडलेला कोपरा असे, आणि तो फार पुढं कधीच नसे. विसाव्या, पंचविसाव्या पानावर.

"पुस्तकात जेवढे माणसं मरतात ना," ते मला एकदा म्हणाले, "त्याह्यले भूत नाही मारत. हे पान मारते."

गिरणीत ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. बेअरिंग किरकिरलं आणि सुपरवायझर म्हणाला की पट्टा ढिला असेल, तर हेडाऊ मागून म्हणत, "वारा असेल." कँटीनमध्ये कोणी म्हटलं की डाळीत मीठ नाही, तर चार जण एकदम म्हणत, वारा असेल. हसण्यावारी गेलं होतं ते.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि तिला अद्भुत कादंबऱ्यांचा नाद होता. किल्ले, तलवारी, पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा, प्रत्येक भाग विटेएवढा. तिनं हेडाऊंची कीर्ती ऐकून तीन विटा माझ्याबरोबर पाठवल्या. महिन्याभरानं त्यांनी त्या परत दिल्या, वर एक चिठ्ठी. तिनं ती मला वाचून दाखवली, रागानं. चिठ्ठीत प्रश्न होते. किल्ल्यात हजार माणूस राहतं, तर भांडी कोण घासतं? सैन्य तीन महिने चालतं, तर चपला कोण शिवतं? ड्रॅगन आग ओकतो, त्याचा घसा कोण तपासतं?

"यांना कल्पनाशक्तीच नाही," मुलगी म्हणाली.

मी ते हेडाऊंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. "तिले म्हणा, पुस्तक चांगलं आहे. पण जादू फुकट नको दाखवू. ज्यानं जादू केली त्याच्या अंगातून काहीतरी गेलं पाहिजे. एक बोट जाओ, आवाज जाओ, दहा वर्षं जाओ. फुकटातली जादू म्हणजे निवडणुकीचं भाषण." मग बस गिरणीच्या फाटकात वळली आणि ते पुस्तक मिटता मिटता म्हणाले, "आता हेच पाहा. इकडून गाठ जाते, तिकडून सूत निघते. हे बी जादूच आहे. कोणाचं काय जाऊन राहिलं, ते कोणी पाहत नाही."

मी पाहायला हवं होतं. मी हजेरीसाठी रांगेत उभी राहिले.

त्यांच्या घरी मी त्या काळात एकदाच गेले, एका बुधवारी, मुलीला काही कॉमिक्स हवी होती म्हणून. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणत. माग कधीच गेला, पण मागाचा खड्डा समोरच्या खोलीत तसाच राहिला होता. विणकर काठावर बसून पाय खाली सोडतो आणि पायट्या दाबतो, तो खड्डा. हेडाऊंनी त्याला तिन्ही बाजूंनी फळ्या लावल्या होत्या आणि आत कॉमिक्स रचली होती, कडुलिंबाचा पाला घालून. शेकडो. बापाच्या जागेवर बसून, पाय खड्ड्यात सोडून ते वाचत. वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरी सासऱ्यानं बी याच खड्ड्यात जनम घालवला न याहीनं बी. फक्त त्याहीच्यातून लुगडं निघे, यांच्यातून काहीच नाही निघत."

"भेव निघते," हेडाऊ म्हणाले.

"ते लुगड्यासारखं नेसता येते काय जी?"

त्यांनी एक जुनं कॉमिक माझ्यापुढं धरलं. स्वस्त छपाई, लाल रंग रेषेबाहेर सांडलेला. पहिल्या चौकटीत दाराच्या कडीवर एक हात. दुसऱ्या चौकटीत उघडं दार आणि रिकामा पलंग.

"मधात काय झालं?"

"कोणीतरी आत आलं आणि त्या माणसाला घेऊन गेलं," मी म्हटलं.

"कुठं काढलं आहे?"

दोन चौकटींच्या मध्ये बोटभर पांढरी पट्टी होती. तिच्यात काहीच काढलेलं नव्हतं.

"मंग तुम्हाले कसं दिसलं?" ते म्हणाले. "हेच कॉमिक्सचं खरं काम आहे मॅडम. चौकटीत जे आहे ते कोणी बी पाहते. जे होते ते या पट्टीत होते. न ज्याले अमर बनवून ठेवलं, उडते न गोळी लागत नाही, त्याचं कॉमिक मी आणत नाही. त्याच्या पट्टीत काही होतच नाही."

आता रजिस्टर.

प्रत्येक गिरणीत एक वही असते, थोडक्यात टळलेल्या अपघातांची. हात जाता जाता वाचला, पाय घसरला पण पडला नाही, असं काही झालं की लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी खबरदारी घेता येते. आमची वही कोरी होती. कोण लिहिणार? लिहिलं की विचारतात, चूक कोणाची. वही माझ्या ताब्यात असे आणि मी महिन्याच्या शेवटी कोऱ्या पानावर शिक्का मारत असे.

एक दिवस हेडाऊंनी ती मागून घेतली. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या शोभाची ओढणी पट्ट्यात जाता जाता वाचली होती. हेडाऊंनी त्यावर दीड पान लिहिलं. त्यात अपघात शब्दच नव्हता. एक ओढणी होती, जिला बाईपेक्षा पट्टा जास्त आवडायचा आणि जी रोज बोटभर त्याच्याकडे सरकायची. सुरुवातीलाच पट्टा एकदा तिला हुंगून सोडतो आणि बाई म्हणते, वारा असेल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत स्टोअरच्या खिडकीशी रांग लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारच्यानं वाचून दाखवलं. शोभा मुद्दाम ब्लो रूमपर्यंत गेली. "काहून जी भाऊ, माह्याच ओढणीले भूत बनवलं? मले घरी सासू पुरे आहे."

"सासू बोलते ना?"

"दिवसभर."

"मंग ती भूत नाही."

पण त्या आठवड्यापासून वाइंडिंगमधल्या सगळ्या बायका ओढण्या पाठीमागं गाठ मारून बांधू लागल्या. सुरक्षेचे फलक दहा वर्षं भिंतीवर होते, त्यांनी ते झालं नव्हतं.

हेडाऊ मग दर पंधरा दिवसांनी लिहू लागले. जाळी काढून चालवलेलं यंत्र, तेल सांडलेला जिना, वायरचा उघडा जोड. लोक वाट पाहत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी एक नियम लिहून ठेवला होता: "ज्याच्यासोबत हे घडलं असेल त्यानंच साक्षीदाराच्या रकान्यात सही करावी. गोष्ट आवडली म्हणून सही करू नये." त्या पानावरही माझा शिक्का आहे. मी नियम वाचला आणि विसरले. सह्या येत गेल्या, मला वाटलं, लोकांना आवडतंय.

मग त्यांनी ती लिहिली, जिला सगळे "गुरुवारची" म्हणत. ती छोटी आहे. मी वहीतून उतरवून देते.

"ती बुधवारी आपल्यासोबत घरी येत नाही. यंत्रं बंद, दिवे बंद, ती एकटी गाठींवर बसून राहते. तिला भूक लागते. गुरुवारी सकाळी आपण आत येतो. ती बोलत नाही. दहा वाजेपर्यंत वाट पाहते. मग येऊन छातीवर बसते. वजन फार नाही, झोपलेल्या मांजराएवढं. श्वास आत जातो पण पूर्ण जात नाही, वरची दोन बोटं जागा तिनं घेतलेली असते. घरी गेल्यावर ती उठते. शुक्रवारी थोडाच वेळ बसते. शनिवारी येत नाही. मंगळवारपर्यंत आपण तिला विसरतो. मग सुट्टी येते आणि तिला पुन्हा भूक लागते. अजून तरी ती उठून जाते."

खाली सत्तावीस सह्या. काही अंगठे. शोभाची सही आहे. एवढ्या सह्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीखाली नाहीत.

मी बसमध्ये त्यांना म्हटलं, "ही सगळ्यात चांगली जमली."

त्यांनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "जमली, हो ना?" म्हणाले. "तुम्हाले भेव वाटलं?"

"थोडं वाटलं."

"कशाचं?"

मी म्हटलं, शेवटच्या वाक्याचं. त्यांनी मान हलवली आणि पुस्तक उघडलं. त्या दिवशी ते मला सांगायला आले होते, असं आता वाटतं. मी गोष्टीची तारीफ करून त्यांचं तोंड बंद केलं.

काही महिन्यांनी ऑडिट आलं. तपासणीला आलेल्या तरुण साहेबांनी वही उघडली, चार पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे रजिस्टर आहे की कादंबरी?"

हेडाऊंवर कारवाई होईल अशी मला भीती वाटली. मी त्यांना वाचवायला गेले. मी म्हटलं, "सर, लोकांना गोष्टी आवडतात. करमणूक आहे. त्यात तक्रार वगैरे काही नाही."

साहेबांनी ते तसंच टिपून घेतलं: मजकूर करमणुकीच्या स्वरूपाचा, स्टोअरकीपर यांचे म्हणणे. हेडाऊंना कोणी काही बोललं नाही. मला त्या दिवशी फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

वही बंद झाली. तिच्या जागी छापील फॉर्म आले. हात, पाय, डोळा, आग, वीज, घसरणे. समोर चौकटी, बरोबरची खूण करायची. मी हेडाऊंना एक फॉर्म दाखवला. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या.

"चौकटी लय आहेत," ते म्हणाले. "मधात पांढरी पट्टी नाही ठेवली."

त्यांनी एकही फॉर्म भरला नाही. कोणीच भरला नाही. मी पुन्हा कोऱ्यावर शिक्के मारू लागले.

पुढची वर्षं लवकर सांगते, कारण ती हळूहळू गेली. गुरुवारचा खोकला शुक्रवारीही राहू लागला. मग शनिवारी. बसच्या पायऱ्या तीन आहेत. ते दुसरीवर थांबू लागले आणि मागच्यांना वाटे, मुद्दाम अडवतात. कोणी म्हटलं बिडी सोडा. त्यांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. एका दवाखान्यात क्षयाची औषधं सुरू केली, सहा महिने घेतली, लघवी लाल झाली, खोकला तसाच. बसमध्ये ते मला पूर्वी आख्खं प्रकरण सांगत, आता एक प्रसंग सांगत, मग फक्त मत. शेवटी शेवटी पुस्तक पुढं करून बोट ठेवत आणि मी वाचत असे. मी त्यांना सांगत असे की हवा बदलली आहे, नागपुरात सगळ्यांनाच खोकला आहे. वहिनींना तेच सांगितलं. म्हणजे तेव्हा मी काय म्हणत होते, ते सांगायला नको.

त्यांनी नोकरी सोडली. मग एक दिवस फोन आला. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, असं.

"मॅडम. नवीन डॉक्टर भेटला. पोरगाच आहे. त्यानं विचारलं. सुरुवातीला. कोण्या दिवशी. जास्त व्हायचं."

"मग?"

"मी म्हटलं. गुरुवारी. त्यानं पेन खाली ठेवला. म्हणे. सुट्टी बुधवारी होती काय."

मी फोन धरून गोदामात उभी होते. समोर गाठी होत्या, छतापर्यंत. हेडाऊ पलीकडून म्हणाले, "इतक्या वर्षांत. पहिला माणूस. ज्यानं दिवस विचारला."

तो रोग असाच सुरू होतो, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी. त्याला वैद्यकात नाव आहे. तेव्हाच माणूस धुळीतून बाहेर काढला तर बरा होतो. हेडाऊंच्या बाबतीत ते ‘तेव्हा’ सहा वर्षं मागं गेलं होतं.

अर्ज झाला. कंपनीनं कळवलं, लेखी तक्रार नाही. हेडाऊंनी वहीचं सांगितलं. कंपनीनं कळवलं, ती वही करमणुकीची आहे, स्टोअरकीपरचं तसं म्हणणं ऑडिटच्या कागदात आहे. ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं, शांतपणे. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होता. आता दुसरं काही म्हणू नका. तुमची नऊ वर्षं नोकरी राहिली आहे."

मी म्हटलं, "पाहते."

मी काही टाकत नाही, हा माझा एकच गुण. वही स्टोअरच्या माळ्यावर, गाठींच्या पट्ट्यांच्या भेंडोळ्याखाली सापडली. पानांना धूळ होती, अक्षर तसंच होतं. मी रीतसर गेट पास केला: जुने रजिस्टर, एक, परत करण्याजोगे. पाळी सुटली, गूळ वाटला, बस पकडली आणि गोळीबार चौकात उतरले. काल. पाच वाजले होते.

हेडाऊ खड्ड्याच्या काठावर बसले होते, पाय खाली सोडून, पाठीला दोन उशा. बाजूला हवेचं यंत्र घरघरत होतं आणि नळी नाकाला होती. वजन अर्धं झालं आहे. भुवया आता धुवूनही पांढऱ्याच आहेत. मी वही मांडीवर ठेवली तशी त्यांनी गुरुवारचीच काढली, शोधावी लागली नाही.

मला वाटलं, ते सह्या पाहतील. ते गोष्ट वाचू लागले. हातात पेन, कपाळाला आठी. दोनदा थांबून त्यांनी मान हलवली.

"मांजर. नको होतं," ते म्हणाले. "मांजराची. माया येते."

वहिनी आतून म्हणाल्या, "सोमवारी साहेबासमोर असेच बोला. म्हणजे तो म्हणन, घ्या, कथाच आहे."

"कथाच आहे. खोटी कोण म्हणते?" मग बोटानं सह्या मोजू लागले. रामटेके गावी गेला. दोघे छत्तीसगडचे होते, पत्ता नाही. एक वारला, कशानं ते कोणी विचारलं नव्हतं. शोभा अजून कामावर आहे, येते म्हणाली, पण नवरा नको म्हणतो. बोट खाली खाली आलं. शेवटच्या सहीखाली दोन ओळी रिकाम्या होत्या, मग माझा शिक्का.

मी त्यांना सांगितलं, सोमवारी मी येते. वही खरी आहे, शिक्का माझा आहे, आणि करमणूक हा शब्दही माझाच होता व तो चूक होता, एवढं मी सांगेन. त्यांनी आभार मानले नाहीत. बरं केलं. आभार मानण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी उठले आणि मला ठसका लागला. वहिनींनी पाणी आणलं. पाणी पिऊनही तो थांबेना. मी दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिले, श्वास वर येई आणि अर्ध्यात अडकून परत जाई.

"धूळ असेल," मी म्हटलं. "जुनी वही झटकली ना."

हेडाऊ माझ्याकडे पाहत होते. ती नजर मला ओळखीची होती; बसमध्ये विसाव्या-पंचविसाव्या पानाशी आले की ते अशीच नजर वर करत आणि मग बोटानं कोपरा चाचपत. त्यांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेली, आणि परत माझ्याकडे आणली.

"मॅडम," ते म्हणाले. "सकाळपासून. आहे काय?"

मी विचार केला. मग म्हटलं, "दहा वाजल्यापासून."

वही त्यांनी माझ्याकडे फिरवली, साक्षीदाराच्या रकान्यातल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं पेनाचं टोपण काढलं, आणि यंत्राच्या घरघरीत वाट पाहत बसून राहिले.